तोंडदेखल्या पार्टीला जाऊ नका

थँक्सगिव्हिंगचं उरलंसुरलं फ्रिजमधून संपतं न संपतं तोच ती ईमेल येते. यंदाची हॉलिडे पार्टी अमुक शुक्रवारी, संध्याकाळी सहा वाजता, बॉसच्या घरी. नवऱ्याला, बायकोला, मुलांना आणा. एखादा पदार्थ करून आणा. सिक्रेट सांतासाठी पंचवीस डॉलरच्या आतली भेटवस्तू आणा. आणि शेवटी एक हसरा चेहरा टाकून लिहिलेलं असतं: यायलाच हवं असं काही नाही, पण सगळे आले तर छान वाटेल! तुम्ही ती ईमेल वाचता, पोटात गोळा येतो, आणि पुढचे दोन आठवडे मनातल्या मनात कारणं जुळवत बसता.

या बाबतीत आपल्या माणसांत सल्ल्याला तोटा नसतो. "अगं, जाऊन ये. तासभर थांब, हातात ग्लास धर, त्यात कोक का असेना. बॉसच्या बायकोशी दोन शब्द बोल आणि सटक. तोंड दाखवलं की झालं!" वीस-वीस वर्षं इथे काढलेली मंडळी हे प्रेमानं सांगतात, आणि ऐकणारा मान डोलावतो. माझं म्हणणं असं, की हा सल्ला वाईट आहे. तो ज्याला दिला जातो त्याच्यासाठी वाईट आहे, आणि त्याच्यामागून या देशात येणाऱ्यांसाठी तर फारच वाईट.

ज्यांना अशी पार्टी मनापासून आवडते त्यांच्याशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते. मी बोस्टनमध्ये राहते. इथे डिसेंबरच्या मध्यावर दुपारी सव्वाचार वाजायच्या आत सूर्य मावळतो. एकट्या राहणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला अशा दिवसांत गरम जेवण आणि माणसांचा गलका हवासा वाटला तर त्यानं जरूर जावं, पोटभर जेवावं, गाणी म्हणावीत. माझा प्रश्न त्या माणसाचा आहे, ज्याला जायचं नाही आणि तसं म्हणायची ज्याची छाती होत नाही.

ती का होत नाही? सल्ला देणारे म्हणतात, तू बुजरी आहेस, जरा मोकळी हो. म्हणजे दोष तुमच्या स्वभावाचा. पण स्वभावानं बुजरी असलेली हीच व्यक्ती परिषदेत तीनशे माणसांसमोर उभं राहून आपलं संशोधन मांडते, वाकड्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. तिथे नडत नाही तो स्वभाव शुक्रवारी संध्याकाळीच कसा नडतो?

मी पोस्टडॉक आहे, म्हणून पोस्टडॉकचंच उदाहरण घेते. बहुतेकांचा करार वर्षावर्षानं वाढतो. जे-वन व्हिसावर असाल तर मुक्काम वाढवणारे कागद विद्यापीठाकडून यावे लागतात, आणि त्याची सुरुवात बॉसच्या होकारानं होते. एच-वन-बी असेल आणि नोकरी गेली, तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, व्हिसा बदला, नाहीतर मुलाच्या शाळेचं नाव काढून सामान बांधा. पुढे प्राध्यापकीचा अर्ज करायचा, संशोधनाच्या जोरावर ग्रीन कार्ड मागायचं, तर शिफारसपत्रं लागतात. त्यातलं सगळ्यांत वजनदार पत्र त्याच माणसाचं असतं, ज्याच्या घरी शुक्रवारी पार्टी आहे. तुमच्या पोटात आलेला गोळा हा स्वभावाचा दोष नव्हे. तुमची परिस्थिती तुमच्या मेंदूआधी पोटाला कळली, इतकंच.

मराठीत आपण निमंत्रण आणि आमंत्रण हे शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतो. पत्रिकेवर एक छापतो, तोंडानं दुसरा म्हणतो. जुन्या वैयाकरणांनी मात्र त्यांत फरक केला आहे. पाणिनीच्या एका सूत्रात हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी येतात, आणि त्यांत वेगळं काय, असा प्रश्न पतंजलीनं दोन हजार वर्षांपूर्वीच महाभाष्यात विचारला. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा: निमंत्रण म्हणजे जे नेमून दिलेलं आहे, श्राद्धाच्या जेवणासारखं, ते नाकारलं तर नाकारणाऱ्याला दोष लागतो. आमंत्रण म्हणजे ज्यात बोलावलेल्याची मर्जी चालते. आलात तर आनंद, नाही आलात तर दोष नाही.

आता ती ईमेल पुन्हा वाचा. शब्द आमंत्रणाचे आहेत. पण न जाणाऱ्याला दोष लागतो की नाही, हे सोमवारी कळतं. "तुझी फार आठवण काढली आम्ही!" असं कोणी हसत म्हणतं. लॅबच्या वेबसाइटवर 'आमचं कुटुंब' असा फोटो चढतो, त्यात तुम्ही नसता. पुढच्या शोधनिबंधात कोणाचं नाव कुठे, हे शुक्रवारी रात्री शेकोटीशेजारी बोलून झालेलं असतं, आणि तुम्हाला ते बुधवारी उडत उडत समजतं. दोष लागला. म्हणजे आमंत्रणाच्या वेष्टनात आलेलं ते निमंत्रणच होतं.

हे मी पूर्वेचं शहाणपण म्हणून मिरवत नाही. अमेरिकेच्या कामगार नियमांतही हीच कसोटी आहे. तासावर पगार घेणाऱ्यांच्या बैठका आणि प्रशिक्षणं कामाच्या वेळात मोजायची की नाही, हे ठरवताना हजेरी ऐच्छिक होती का, असं विचारलं जातं. आणि ऐच्छिक कशाला म्हणायचं नाही, तेही तिथे लिहिलं आहे: मालकानं सक्ती केली तर ती ऐच्छिक नव्हेच, पण न आल्यास नोकरीवर वाईट परिणाम होईल अशी समजूत कामगाराची करून दिली असेल, तरीही नव्हे. पोस्टडॉक साधारणपणे मासिक पगारावर असतात, त्यांना जादा तासांचे पैसे मिळत नाहीत. मला त्या पैशांशी कर्तव्य नाही, व्याख्येशी आहे. 'यायलाच हवं असं नाही' असं लिहिल्यानं गोष्ट ऐच्छिक होत नाही. न येणाऱ्याचं काहीही बिघडत नाही, हे दिसल्यावर ती ऐच्छिक होते.

फ्रान्समध्ये हा वाद थेट वरच्या न्यायालयापर्यंत गेला. पॅरिसमधल्या एका सल्लागार कंपनीनं आपल्या एका वरिष्ठ कर्मचाऱ्याला काढलं. आरोपांपैकी एक असा, की कंपनीची 'मजा' करण्याची संस्कृती त्याच्या अंगी बाणत नाही. ती मजा म्हणजे आठवड्याअखेरची मद्यपानं आणि तिथले अचरट खेळ. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथल्या कूर द कासासिओं या न्यायालयानं निकाल दिला, की अशा मजेत सामील न होणं हा त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि त्यासाठी त्याला काढता येत नाही. कंटाळवाणं असण्याचा हक्क, अशी त्याची थट्टा वर्तमानपत्रांनी केली. करू देत. तो फार मोलाचा हक्क आहे.

आता 'तोंड दाखवून ये' या सल्ल्याकडे वळते. आपल्या भाषेनं याचा निवाडा केव्हाच केला आहे. मनात नसताना केवळ दिसण्यापुरतं केलेल्या गोष्टीला आपण 'तोंडदेखली' म्हणतो, आणि ती काही शाबासकी नव्हे. तोंडदेखलं जाऊन तुम्ही यजमानाला फसवता. सगळेच आले, म्हणजे सगळ्यांना आवडलं, असं त्या भल्या माणसाला वाटतं. बॉस बहुतेकदा भलाच असतो. घर सजवतो, स्वतः केक भाजतो. त्याला खरं कळायला जागाच आपण ठेवत नाही. मग पुढच्या वर्षी पार्टी आणखी मोठी होते, आणि तुमच्याजागी आलेल्या नव्या माणसाला ती परंपरा म्हणून सांगितली जाते.

थाप मारून टाळणं हेही त्याच जातीचं. "बाळाला ताप आहे." बाळाला असा दर डिसेंबरात ताप येतो. थापेनं तुमची संध्याकाळ सुटते, पण सबळ कारणाशिवाय 'नाही' म्हणता येत नाही, हा नियम आणखी पक्का होतो. उद्या ज्या सहकाऱ्याला मूल नाही, त्यानं कोणाला ताप आणायचा?

तेव्हा कारण देऊच नका. 'बोलावल्याबद्दल आभार. मला यायला जमणार नाही. तुम्हा सगळ्यांची संध्याकाळ छान जावो.' तीन वाक्यं. एवढ्यानं प्रकरण मिटलं तर ते खरंच आमंत्रण होतं, आणि तुम्ही उगीच घाबरला होतात. 'का जमणार नाही?' अशी विचारणा झाली, तर ते निमंत्रण होतं, आणि आता ते दोघांनाही ठाऊक आहे.

"तुला बोलायला काय जातं?" असं एखादी वाचक विचारेल. "माझा करार मार्चमध्ये संपतोय." तिचं अगदी बरोबर आहे, आणि माझं खरं म्हणणं इथेच सुरू होतं. ते तिच्यासाठी नाहीच. तिनं यंदा जावं, आणि तो वेळ कामाचा धरून शांत मनानं जावं. स्वतःला बुजरी तर मुळीच म्हणू नये. ही तीन वाक्यं आधी बोलायची आहेत ती तुम्ही, ज्यांच्या खिशात ग्रीन कार्ड किंवा निळा पासपोर्ट आहे, ज्यांची नोकरी पक्की आहे, ज्यांना एका पत्रासाठी कोणाचं तोंड बघावं लागत नाही. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. मुरलेली मंडळी हसतखेळत पार्टीला जातात, आणि न जाणारा एकटा पडतो तो सगळ्यांत कच्च्या पायावर उभा असलेला. जिथे दोन ज्येष्ठ माणसं उघडपणे आणि हसतमुखानं 'नाही' म्हणतात, तिथे तिसऱ्या, नव्या माणसाचं 'नाही' कोणाच्या लक्षातही येत नाही. फ्रान्समध्ये तो निकाल लागला त्याच महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठातले सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. त्यांत पोस्टडॉकही होते, आणि संपातून त्यांनी पगारवाढ मिळवली. एकट्यादुकट्यानं बॉसच्या दारात जाऊन ते मागितलं असतं तर काय मिळालं असतं, हे आपल्याला माहीत आहे. पार्टीचा प्रश्न त्या मानानं क्षुल्लक आहे. म्हणूनच सराव इथून करावा.

आक्षेप आणखी एक येतो, आणि तो खरा जड आहे: परक्या देशात मिसळायला नको का? आपली माणसं कोंडाळं करून बसतात, अशी बोलणी मग आपणच खातो ना? मिसळायला हवंच. पण मिसळणं रोजच्या डब्याच्या वेळी होतं, कॉफीच्या यंत्रापाशी होतं, फसलेला प्रयोग रात्री आठ वाजता दोघांनी मिळून पुन्हा लावताना होतं. वर्षभर जो शेजारच्या टेबलावर बसून तुमचं नाव नीट उच्चारायला शिकला नाही, तो रेनडिअरचं चित्र असलेला स्वेटर घालून एका संध्याकाळीत शिकणार नाही.

ज्यांच्या हातात पार्टी ठरवणं आहे, आणि आपल्यातले बरेच जण आता त्या खुर्चीत आहेत, त्यांच्यासाठी उपाय साधा आहे. पार्टी दुपारी बारा वाजता ठेवा, कामाच्या जागी, कामाच्या वेळात. जेवण संस्थेच्या पैशातून मागवा. पदार्थ करून आणायला सांगू नका, कारण मग ते कोण रांधतं आणि नंतर भांडी कोण घासतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. भेटवस्तू नको, फोटो नको, आणि ज्या गोष्टी बैठकीत ठरायच्या त्या जेवताना ठरवू नका. दीड वाजता ज्याला थांबायचं तो थांबेल, जायचं तो जाईल.

आणि आता घरचं. बॉसवर एवढी तोंडसुख घेणारी आपण मंडळी आपल्या महाराष्ट्र मंडळात काय करतो? "गणपतीला यायलाच पाहिजे हं!" "हळदीकुंकवाला आली नाहीस, रागावलीस का?" आपल्याकडे याला आग्रह म्हणतात आणि त्याचं कौतुक होतं. न येणारीची चर्चा वाण लुटताना होते. न्यू जर्सीत किंवा बे एरियात कमिटीवरचे काका आणि नवऱ्याचा मॅनेजर ही एकच व्यक्ती असू शकते. नवऱ्याच्या व्हिसावर नुकत्याच आलेल्या मुलीला त्या आग्रहात प्रेम किती आणि निमंत्रण किती, हे ओळखता येतं. बोलता येत नाही. तिला सुटं करायचं काम बॉसचं नाही, आपलं आहे.

म्हणून यंदाचा डिसेंबर जवळ आला की दोन गोष्टी करा. तुमचं बूड स्थिर असेल आणि पार्टी नकोशी असेल, तर ती तीन वाक्यं लिहून पाठवा, सगळ्यांना दिसतील अशी. आणि संक्रांतीला तुमच्या घरचं बोलावणं कोणी नाकारलं, तर कारण विचारू नका. तिळगूळ नंतर कधीही देता येतो.