पाठ्यग्रंथाचीही परीक्षा हवी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने आचार्याच्याही आधी शास्त्राची परीक्षा करावी, असे सांगितले आहे. ग्रंथ थोर पुरुषांनी आदरिलेला असावा, पुनरुक्तिदोषरहित असावा, तिन्ही प्रकारच्या शिष्यांना हितकर असावा, त्यात लक्षणे व उदाहरणे असावीत, अशी ती कसोटी आहे. हा अध्याय आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि पुढे हाती येईल तो ग्रंथ निःशंकपणे वापरतो.

निद्रानाश, चिंता, भय यांनी पीडित रुग्ण आपल्याकडे येतात. त्यामुळे अनेक वैद्यबंधू मानसशास्त्राचे एखादे प्रारंभिक अमेरिकन पाठ्यपुस्तक घेऊन त्याचा सत्त्वावजय चिकित्सेशी सांधा जुळवू पाहतात. हे स्वागतार्हच आहे. मात्र त्या पुस्तकांचीही एक कथा आहे.

जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी 1920 मध्ये ‘अल्बर्ट’ नावाच्या बालकावरील प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे अकरा महिन्यांच्या या बालकाने पांढऱ्या उंदराला हात लावताच त्याच्यामागे पोलादी कांबीवर हातोडा मारीत. पुढे ते मूल नुसता उंदीर पाहूनही रडू लागले. बेन हॅरिस यांनी 1979 मध्ये पाठ्यपुस्तकांतील या प्रयोगाची वर्णने मूळ लेखाशी ताडून पाहिली. कोठे बालकाचे वय चुकलेले, कोठे उंदराच्या जागी ससा. काही पुस्तकांत तर वॉटसन यांनी पुढे ते भय दूर केले, असा सुखान्तही होता! वस्तुतः तसे काही करण्यापूर्वीच अल्बर्ट रुग्णालयातून गेला होता. सशाचे भय घालविण्याचा यशस्वी प्रयत्न मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो पीटर नावाच्या दुसऱ्याच मुलावर होता. ज्या रुग्णाची चिकित्साच झाली नाही त्याच्या नावे उपशय लिहिणे, याला आपण रुग्णपत्रकात काय म्हणू?

1964 मधील किटी जेनोव्हीस हत्येचेही तसेच. अडतीस जण पाहत राहिले, कोणी हलले नाही, ही वृत्तपत्री हकीकत पुस्तकांनी वर्षानुवर्षे छापली. तिला पुरेसा आधार नाही, हे 2007 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. तिच्यापासून स्फुरलेले प्रयोग स्वतंत्रपणे उभे आहेत, हे मान्य. पण सिद्धांत टिकला म्हणून खोटा दृष्टांत चालवून घेण्याचे कारण नाही.

असे का होते? तेथे पुस्तक निवडतो अध्यापक, पैसे भरतो विद्यार्थी. नवा लेखक मूळ प्रबंधाऐवजी जुनी पाठ्यपुस्तके चाळतो. (आपल्याकडील गाइडे याहून निराळी आहेत, असे छातीठोकपणे कोण म्हणेल?) औषधालयचालकांनीही सावध असावे. मनुष्य मेंदूचा दहाच टक्के उपयोग करतो, हे निराधार वाक्य मेध्य कल्पाच्या माहितीपत्रकावर आले, तर ते ब्राह्मी-शंखपुष्पीचे गुण वाढवीत नाही. जाणत्या ग्राहकाचा विश्वास मात्र घालविते.

म्हणून एक सूचना. मानसशास्त्राचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यातील अल्बर्ट व जेनोव्हीस ही दोन प्रकरणे दुकानातच उघडून वाचावीत. अल्बर्ट बरा झालेला आढळल्यास पुस्तक परत फळीवर ठेवावे.