सर्व वयोगटांसाठी म्हणे!

शनिवार सकाळ, तिसरा चहा, आणि डोक्यात अजून गुरुवारचा लंच टेबलवरचा वाद. तो इथे उतरवल्याशिवाय वीकेंड धड जाणार नाही. तेव्हा मंडळी, सहन करा.

झालं असं की मी सहज म्हणालो, "पुढच्या मंडईला धानोऱ्यात कॉमिक्सची जत्रा भरवू या." दोन सेकंद शांतता. मग तिघांनी तीन बाण सोडले.

पहिला : "धानोरा? ते कुठे आलं?"
दुसरा : "अरे, तिथे मार्केट कुठे आहे?"
तिसरा (अंगात बॅटमॅनचा टीशर्ट) : "आधी त्या लोकांना रस्ते, दवाखाने मिळू देत. कॉमिक्स काय घेऊन बसलास!"

तेव्हा मी नुसता चिडलो. उत्तरं नेहमीप्रमाणे घरी आल्यावर सुचली. :-)

आधी पार्श्वभूमी. गेल्या वर्षी भाचा सुट्टीत आला होता, चौथीतला. त्याला शहरातल्या एका मोठ्या कॉमिक जत्रेला नेलं. बाहेर भलामोठा फलक, 'सर्व वयोगटांसाठी'. आत मजा होती, खोटं कशाला बोलू? सोंगं तर झकास होती. (कॉस्प्ले हो. आमच्याकडे दंडारीत लोक पिढ्यान्‌पिढ्या सोंगं काढतात, त्यामुळे भाचा अजिबात बिचकला नाही.) पण तिकिटं, पार्किंग आणि बर्गर धरून आम्हा चौघांचा जो खर्च झाला, त्यात गावाकडे एखाद्या घराचा महिन्याचा किराणा येतो. मग, टीशर्ट, मुखवटे, बाहुल्या यांचे स्टॉल संपता संपेनात. मी प्रत्येक पुस्तकवाल्याला विचारत फिरलो, "मराठीत काही आहे?" एकाने खांदे उडवले, एकाने इंग्रजीतलं रामायण पुढे केलं. महाराष्ट्रातल्या शहरात!

शेवटी एक इंग्रजी कॉमिक घेतलं. घरी आल्यावर पठ्ठ्याने चित्रं बघून आपल्या मनाने गोष्ट रचली आणि सोसायटीतल्या पोरांना रंगवून सांगितली. मूळ गोष्टीपेक्षा बरी होती. रात्री मला हळूच विचारतो, "मामा, यात खरं काय लिवलं आहे?" तो प्रश्न अजून टोचतो. चित्रं त्याला पूर्ण कळली होती. कमी पडलो ते छापणारे, विकणारे आणि भरवणारे आपण.

आता बाणांकडे.

धानोरा कुठे आलं? गडचिरोलीहून मुरूमगावच्या रस्त्याला, जंगलात. आणि तुमच्या कॉमिकच्या जगापासून ते वाटतं तितकं लांब नाही, कारण कॉमिक कागदावर छापतात आणि कागद बांबूपासूनही होतो. आमच्या भागातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला. धानोऱ्याला लागूनच मेंढा (लेखा) आहे. या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात घेतलं. बांबू इथून गेला, त्याचा कागद झाला, त्या कागदाची पुस्तकं झाली. ती पुस्तकं मात्र फिरून इथे आली नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर अपलोड चालू, डाउनलोड बंद.

फ्रान्समध्ये आंगुलेम नावाचं गाव आहे. वस्ती चाळीस-बेचाळीस हजार, पूर्वापार कागद बनवणारं. १९७४ पासून तिथे कॉमिक्सचा महोत्सव भरू लागला आणि गाव जगाच्या नकाशावर आलं. २०२६ चा महोत्सव मात्र रद्द झाला, कारण आयोजकांवर नाराज झालेल्या चित्रकार-लेखकांनी बहिष्कार टाकला. हॉल होते, बॅनर होते, पण काढणारे हात नव्हते. जत्रा कोणाच्या जिवावर उभी असते ते यातून समजावं.

दुसरा बाण, मार्केट. या शब्दाने आपल्या पिढीचं फार नुकसान केलंय. सान दिएगोची जगप्रसिद्ध कॉमिक कॉन १९७० साली एका हॉटेलात सुरू झाली तेव्हा सुमारे ३०० लोक होते. टोकियोचं कॉमिकेट १९७५ च्या डिसेंबरात सुरू झालं ते ३२ हौशी गट आणि सातशेच्या आसपास लोक घेऊन. आता वडशाला (म्हणजे देसाईगंजला) या. झाडीपट्टीची नाट्यमंडळं तिथे ऑफिसं थाटून बसतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडया, शंकरपट सुरू झाले की गावं नाटकं ठरवतात, मांडव पडतो, तिकीट लागतं, आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेपर्यंत चालतो. मांडीवर पेंगणारं पोर, शेजारी आजी, मागे कॉलेजची टोळी. सर्व वयोगट म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी फलक लावावा लागत नाही. चांगल्या रंगलेल्या एका प्रयोगाला त्या पहिल्या सान दिएगोपेक्षा जास्त गर्दी असते. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आता सांगा, मार्केट नाही की तुम्ही कधी बघायलाच आला नाहीत?

आणि मराठी माणूस कॉमिक वाचत नाही असं कोण म्हणतं? १९६४ ला सुरू झालेल्या इंद्रजालने वेताळ आणि मॅन्ड्रेक मराठीत आणले, ते १९९० ला बंद पडलं. चांदोबा आजोबांपासून नातवापर्यंत सगळे वाचत. १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू सकाळी चहाबरोबर घरोघरी आला. वाचणारे होतेच. पुढे छापणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि आपण वाचणाऱ्यांना दोष देऊन मोकळे झालो.

तिसरा बाण सर्वांत वाईट, कारण त्याला कळवळ्याचा वर्ख आहे. मित्रा, पुण्यातले खड्डे बुजेपर्यंत तू टीशर्ट घ्यायचा थांबला होतास का? रस्ता, दवाखाना हवाच. त्यासाठी लोक भांडतायत, तुझ्या-माझ्यापेक्षा नेटाने. पण पोटापाण्याचं सगळं मिळाल्यावर मगच गोष्ट ऐकायची परवानगी, हा नियम फक्त गरिबांनाच का? धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. आपल्या भाषेत वाचणं ही चैन आहे असं त्या गावाला वाटलं नाही. ते तुला एसीत बसून वाटलं.

आणि आम्ही फक्त घेणारे असू हेही डोक्यातून काढा. २०११ साली 'भीमायन' आलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची, मध्य प्रदेशातले परधान गोंड कलाकार. त्यांनी कॉमिकच्या चौकटीच नाकारल्या आणि पानं भिंतीवरच्या डिग्ना नक्षीने विभागली. गोड बोलणाऱ्याच्या संवादाचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! असं चौकटीबाहेरचं डोकं आमच्या पोरांतही असणार. बघायला कोणी गेलंच नाही, तर दिसणार कसं?

तेव्हा प्रस्ताव असा. एक मांडव, दोन ताडपत्र्या. दोरीवर चिमट्यांनी टांगलेली कॉमिक्स, कोणीही काढावं, वाचावं, परत लावावं. तिकीट नाही. एका बाजूला कोरे कागद. एक ए-फोर कागद घडी घालून मध्ये एक काप दिला की आठ पानांचं पुस्तक होतं. पोरांनी झाडीबोलीत, गोंडीत हवी ती गोष्ट काढायची आणि त्याच दोरीवर टांगायची. झाला महोत्सव. खर्च आपल्या एका टीम लंचएवढा.

तुमच्याकडून पैसे नकोत. माळ्यावर, आईच्या ट्रंकेत, जुन्या कपाटात इंद्रजाल, चांदोबा, चिंटू पडले असतील, ते द्या. 'कलेक्टर्स आयटम' म्हणून प्लॅस्टिकात गुंडाळून ठेवलेले तर आधी द्या, वाचले तरी जातील.

आणि हो, बॅटमॅन, तूही ये. टीशर्ट घालूनच ये. भाच्याने तुझ्यावर एक गोष्ट रचून ठेवली आहे. या वेळी काय लिवलं आहे ते तू त्याला विचार.