परक्याच्या छापखान्यात आमची अक्षरे

विद्यापीठात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना वाचनलेखनाची आवड उरली नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. ती खरी नव्हे. धम्मदीक्षेपूर्वीच्या पिढ्यांना जन्मभरात लिहावयास मिळाली नाहीत इतकी अक्षरे आजचा विद्यार्थी व्हॉट्सॲप व इन्स्टाग्रामवर आठवड्याभरात लिहितो. १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या दिवशी तर त्याच्या बोटांना उसंत नसते. प्रश्न आहे तो, ही अक्षरे कोणाच्या छापखान्यात पडतात आणि त्यांचे पुढे काय होते, हा.

वकिलीत याचा कटू अनुभव येतो. गावात अत्याचार घडतो, कोणी विद्यार्थी त्याचे चित्रण करतो आणि ते हजारो मोबाईलांवर फिरते. परंतु ते कोठे, केव्हा, कोणी घेतले, ही एक ओळ कोणी लिहीत नाही. मूळ चित्रण पुसलेही जाते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशी इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. दहा हातांतून आलेल्या चित्रणाला ते प्रमाणपत्र देणार कोण?

कोण, कोठे, केव्हा, कशावरून, हे विचारण्याची शिस्त वृत्तपत्रविद्येच्या शिक्षणाने लागते. आमच्या मुलांनी ते अवश्य घ्यावे. पण त्या शिक्षणाची किल्ली आज बऱ्याच अंशी वृत्तपत्रांच्या मालकांच्याच कनवटीला आहे. टाइम्स समूहाचे बेनेट विद्यापीठ २०१६ साली ग्रेटर नोएडात निघाले. इंडिया टुडे समूहानेही आपली माध्यमसंस्था काढली. मालकच शिक्षक, मालकच परीक्षक आणि नोकरी देणाराही मालकच! संस्था मालकाची नसली तरी शिकाऊ उमेदवारी त्याच्याच कचेरीत, पुष्कळदा बिनपगारी, करावी लागते. मुंबईसारख्या शहरात पदरमोड करून दोन-तीन महिने फुकट राबणे कोणाच्या मुलास परवडते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. व्यवसायाचा अनुभव शिक्षणात नसावा, असे माझे म्हणणे नाही. कायद्याचा विद्यार्थीही न्यायालयात जाऊनच शिकतो; पण न्यायालय कोणा धनिकाच्या मालकीचे नसते.

या दाराआड कोण बसले आहे? ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वृत्तकचेऱ्यांतील १२१ प्रमुख पदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती. अनुसूचित जातींचा एकही मनुष्य त्यांत आढळला नाही. १९२० साली परमपूज्य बाबासाहेबांच्या 'मूकनायका'ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. त्या गोष्टीला शंभर वर्षे होऊन गेली.

तेव्हा मुलाच्या हातातील मोबाईल हिसकावून काय साधणार? त्याच्या लिहिण्याला शिक्षणाची जोड द्या. सरकारी विद्यापीठांतील वृत्तपत्रविद्या विभाग आहेत. केंद्र सरकारच्या भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीस आहे. तेथे राखीव जागा आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा त्यांवर हक्क आहे. मात्र केंद्रीय संस्थांसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो अर्जाच्या मुदतीपूर्वीच काढून ठेवावा. ऐनवेळी तहसील कचेरीत धावणारे पालक मी दरवर्षी पाहतो.

खाजगी संस्थांचे काय? २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम १५(५) त्यांतही प्रवेशाची विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्याला देते, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले आहे. तो अधिकार माध्यमसंस्थांच्या बाबतीत वापरा, आणि वेतन न देणाऱ्या वृत्तकचेरीत विद्यापीठाने विद्यार्थी पाठवू नयेत, या दोन मागण्या आमच्या विद्यार्थी संघटनांनी आपल्या आमदारांकडे व कुलगुरूंकडे लेखी कराव्यात, आणि अर्जाची पोच घ्यावी.