हे नक्की कशाचं?

मागच्या उन्हाळ्यात मी दीडशे डॉलरला एक जुनं यंत्र विकत घेतलं आणि त्याच्याबरोबर एक बादली फुकट मिळाली. यंत्र घरी आणायला दोन मित्र, एक भाड्याचा ट्रक आणि नंतर चार दिवसांची पाठदुखी लागली. बादली मी एकट्याने उचलून आणली. पण तेव्हापासून मला दमवलंय ते बादलीनेच.

इथे ओहायोत घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मुलं बरेचदा 'इस्टेट सेल' लावतात. घरातली प्रत्येक वस्तू, अगदी स्वयंपाकघरातल्या चमच्यांपासून बागेतल्या फावड्यापर्यंत, किंमत चिकटवून मांडलेली असते. मला अशा ठिकाणी जायला आवडतं आणि जाताना थोडं अपराधीही वाटतं. त्या दिवशी गॅरेजच्या कोपऱ्यात मेणकापडाखाली हे यंत्र होतं आणि शेजारी बादली. 'बाबांचं सुतारकामाचं सगळं त्यातच असायचं,' घरमालकांची मुलगी म्हणाली, 'यंत्राबरोबर तीही घेऊन जा.' तिला बिचारीला बाकी काही माहीत नव्हतं, आणि मला तरी कुठे होतं!

यंत्राचं नाव शॉपस्मिथ. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन लांब जाड नळ्या, त्यांवर सरकणारं मोटरचं एक डोकं, आणि त्या डोक्यातून बाहेर आलेला एक फिरता दांडा. समोर टेलस्टॉक बसवला की झाला लेथ. टेबल आणि पातं लावलं की गोल करवत. चकती लावली की घासायचं यंत्र. ड्रिलचा चक लावून आडवी भोकं पाडा, नाहीतर अख्ख्या नळ्या उभ्या करा आणि सरळ खाली भोक पाडा. एक मोटर, पाच कामं. हान्स गोल्डश्मिट नावाच्या माणसाची ही कल्पना. १९४७ मध्ये पहिलं मॉडेल, १०ई, बाजारात आलं. युद्ध संपलेलं, नवी घरं बांधली जात होती, त्या घरांत गॅरेजं होती आणि गॅरेजात जागा कमी. यंत्र खपलं नसतं तरच नवल. मग १०ईआर आलं, १९५३ मध्ये मार्क ५ आलं, मार्क २ आणि मार्क ७ सुद्धा येऊन गेली. कंपनीने मालक बदलले, मधे उत्पादन बंद पडलं, १९७२ मध्ये ओहायोत ती पुन्हा उभी राहिली आणि पुढे डेटन हे तिचं गाव झालं.

तर जुनं यंत्र घरी आणल्यावर पहिला प्रश्न जो कुणीही विचारतो तोच मीही विचारला. मॉडेल कोणतं?

माझं आता असं मत झालंय की हा प्रश्नच चुकीचा आहे. निदान अशा यंत्राच्या बाबतीत तरी. फिअ‍ॅट किंवा लँब्रेटा ओळखावी तसं हे ओळखता येत नाही. मोटर बाहेर बसवलेली असेल तर जुनं १०ई किंवा १०ईआर, आणि मोटर डोक्याच्या आत असेल व वेग बदलायची गोल तबकडी असेल तर मार्क ५, इथपर्यंत ठीक. माझं मार्क ५ निघालं. पण त्यापुढे? टेबल ५१० चं. म्हणजे १९८० च्या दशकातलं. मोटर पाऊण अश्वशक्तीची, म्हणजे बरीच आधीची, कारण नंतरच्या मोटरी सव्वा अश्वशक्तीच्या जवळपास गेल्या. पायांचा रंग एक, डोक्याचा दुसरा. मी आठवडाभर डोकं खाजवलं. उत्तर अगदी साधं होतं. जुन्या ५०० चं ५१० करायचे संच कंपनी स्वतःच विकत असे आणि लोक ते हौसेने बसवत. पाट्यावरचा सिरियल नंबर फक्त तो पाटा ज्या तुकड्यावर ठोकलाय त्याचं वय सांगतो. बाकीच्या तुकड्यांचं वय त्यांनाच विचारावं लागतं, एकेकाला.

आमच्याकडे कुडाळला घरी काम करायला एक मिस्त्री यायचे. सकाळी आले की पहिली दहा मिनिटं ते काहीच करायचे नाहीत. पिशवीतून वाकस, पटाशा, रंधे, गिरमिट, गुण्या असं एकेक काढून पोत्यावर मांडायचे, प्रत्येकाला हात लावायचे, आणि मग चहा मागायचे. मला तेव्हा तो वेळकाढूपणा वाटायचा. मीही शेवटी तेच केलं. गॅरेजमध्ये जुनी चादर पसरली आणि बादली उपडी केली.

त्यातून काय काय निघालं! चार दातांचा तुकडा, हा लेथवर लाकडाला धरून फिरवतो. वाटीसारखा टोकदार तुकडा, तो टेलस्टॉकचा. एक पातं, ज्याचं मधलं भोक चांगलं सव्वा इंचाचं, दुसऱ्या कुठल्याही करवतीला न बसणारं. हे शॉपस्मिथचं खास, त्यामुळे ओळखायला सोपं. दोन एलन की, त्यातली एक ५/३२ इंचाची, म्हणजे आपल्या भाषेत सव्वा सूत. या यंत्राच्या बहुतेक जोडण्या त्या एकाच चावीने घट्ट होतात, हे कळल्यावर मला त्या गोल्डश्मिटसाहेबांबद्दल फार आदर वाटला. आणि मग निघाली ती कडी.

जाड ओतीव लोखंडाची गोल कडी. बाहेरून दोन कान, आतून आटे. हातात धरली की वाटावं, ही लेथच्या चकचीच असणार. मला तर खात्रीच पटली. मी तीन शनिवार त्या कडीचा चक शोधण्यात घालवले. शेवटी एका रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना ती समोर टेबलावर पडली होती.

'अरे, ते शेवयांचं यंत्र कुठून आणलंस?' आई म्हणाली.

'कुठलं शेवयांचं यंत्र?'

'ती कडी बघ ना. चकती अडकवून वर फिरवतात ती. आपल्याकडे होतं की, टेबलाला लावायचं. तू हँडल फिरवायचास.'

अर्थात ओहायोतल्या त्या घरात शेवया नव्हे, मटणाचा खिमा होत असणार. यंत्र तेच. बादलीत कुणीतरी ती कधीतरी टाकली असेल आणि ती पडून राहिली.

हसून झाल्यावर मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होतं. मार्क ५ चा दांडा पाच सुतांचा, गुळगुळीत, त्याच्या एका बाजूला सपाट घासलेली पट्टी. त्याच्यावर आटेच नाहीत! त्या दांड्यावर बसणारी प्रत्येक वस्तू सरकवून बसवायची आणि तिचा सेट स्क्रू, आपल्याकडे ज्याला ग्रब स्क्रू म्हणतात तो, बरोबर त्या सपाट पट्टीवर आवळायचा. आटेवाली कडी तिथे बसणारच नव्हती. पण मला ती लेथची हवी होती, म्हणून ती मला लेथची दिसत होती.

तेव्हा मी भिंगातून दांडा नीट पाहिला. सपाट पट्टीपासून दूर, गोल बाजूवर, खोल ओरखडे होते. तीन-चार ठिकाणी. म्हणजे कुणीतरी स्क्रू चुकीच्या जागी आवळून यंत्र चालवलं होतं, आणि जोडलेली वस्तू दांड्यावर घसरली होती. घसरताना ती करवतीचं पातं होती की घासायची चकती, हे ओरखडे सांगत नाहीत.

'एवढं काय त्यात, लावून बघ ना!' असं मला निदान पाच जणांनी सांगितलं. त्यात एक शेजारी आहे, जो स्वतः उत्तम कपाटं बनवतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायला मला संकोच होतो. पण या एका बाबतीत मी त्याचं ऐकणार नाही, आणि त्याला कारण याच यंत्राचा एक जुना खटला आहे. अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या मुलांना तो शिकवतात. विल्यम ग्रीनमन नावाच्या गृहस्थांना १९५५ च्या नाताळात बायकोने शॉपस्मिथ भेट दिलं. १९५७ मध्ये त्यांनी लेथसाठी लागणारे जोडभाग आणले आणि एका मोठ्या लाकडातून पेला कातायला घेतला. काही वेळा काम व्यवस्थित झालं. आणि एकदा ते लाकूड यंत्रातून निसटलं आणि त्यांच्या कपाळावर आदळलं. गंभीर इजा झाली. तज्ज्ञांच्या साक्षीत कारण निघालं ते असं, की भाग धरून ठेवणारे सेट स्क्रू अपुरे होते. नेहमीच्या थरथरीने टेलस्टॉक हळूहळू मागे सरकला आणि लाकूड सुटलं. ग्रीनमन यांनी नोटीस द्यायला साडेदहा महिने लावले, म्हणून हमीचा दावा बाद आहे, असं निर्मात्याचं म्हणणं होतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९६३ मध्ये ते फेटाळलं आणि पासष्ट हजार डॉलरची भरपाई कायम केली. निकाल न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी लिहिला. गिऱ्हाईक तपासणी न करता वस्तू वापरणार हे निर्मात्याला माहीत असतं, म्हणून तिच्यातल्या दोषाने इजा झाली तर जबाबदारी त्याची, असं त्यात ठरलं.

वाक्य न्यायाचं आहे. नव्या वस्तूच्या गिऱ्हाईकाने प्रत्येक स्क्रू तपासत बसावं अशी अपेक्षा कुणी करू नये. पण माझ्या गॅरेजमधल्या यंत्राचा निर्माता कोण? डोकं एका काळातलं, टेबल दुसऱ्या काळातलं, जोडणी एका दिवंगत गृहस्थांची, दांड्यावरचे ओरखडे कदाचित त्यांच्याही आधीच्या कुणाचे, आणि शेवटचा हात माझा. ज्याने शेवटचं जोडलं त्याच्याकडे हे सगळं येतं. मी ते नाकारू शकत नाही. म्हणून ज्या तुकड्याचं नाव मला कळत नाही तो यंत्रावर चढणार नाही. आणि तो फेकलाही जाणार नाही, कारण आज जो बिनकामाचा वाटतोय तो उद्या एखाद्या संरक्षक झाकणाचा हुक निघायचा. असे सात तुकडे माझ्याकडे लोणच्याच्या बरणीत आहेत. बरणीवर 'माहीत नाही' अशी चिठ्ठी.

संरक्षक झाकणावरून आठवलं. जुनी यंत्रं येतात तेव्हा पात्यावरचं झाकण बहुधा नसतंच. चादरीवर सगळं मांडल्यावर मला जे मिळालं त्यापेक्षा जे नव्हतं त्याची यादी मोठी झाली, आणि पहिलं नाव झाकणाचं होतं. बादलीत नसलेली वस्तू ओळखणं सगळ्यात अवघड. त्यासाठी पुस्तक लागतं. आर. जे. डी क्रिस्टोफोरो यांचं शॉपस्मिथवर बेतलेलं 'पॉवर टूल वुडवर्किंग फॉर एव्हरीवन' हे १९५३ मधलं पुस्तक त्या सेलमध्ये होतं. मी स्वतः पाहिलं होतं, आतल्या खोलीत, पुस्तकांच्या खोक्यात, एक डॉलर. यंत्र ट्रकवर चढवून परत येईपर्यंत ते कुणीतरी नेलं होतं. यंत्र एकाकडे, पुस्तक दुसऱ्याकडे! जुनी यंत्रं विकणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. किंमत दहा डॉलर जास्त लावा, पण पुस्तक यंत्राला दोरीने बांधून ठेवा. मी दुसरी प्रत मिळवली, पण त्यात त्या गृहस्थांच्या पेन्सिलच्या खुणा नाहीत. ज्या माझ्याही कामाच्या असत्या.

पुस्तकं वाचायच्या आधी केलेली एक चूक कबूल करतो. सेलमध्येच, यंत्र बंद असताना, मी ती वेगाची तबकडी जाणकारासारखी फिरवून पाहिली होती. ती फक्त यंत्र चालू असताना फिरवायची असते, नाहीतर आतली यंत्रणा बिघडू शकते. माझ्या नशिबाने बिघडली नाही.

आता लेकीला भोवरा हवा आहे. अकरा वर्षांची आहे, आणि सावंतवाडीच्या चितार आळीत घेतलेला भोवरा तिने ड्राइव्हवेवर फोडून टाकला. बाबाकडे लेथ असताना भोवरा का मिळत नाही, हे तिला पटत नाही. तिच्या जागी मला तरी कुठे पटलं असतं.

मागच्या शनिवारी मी दांड्यावरचे ओरखडे बारीक कानशीने साफ केले, चार दातांचा तुकडा सपाट पट्टीवर नीट बसवला, एक साधा चौकोनी ठोकळा दोन्हीकडून धरला आणि टेलस्टॉक आवळला. टेलस्टॉकच्या कडेला लागून नळीवर पेन्सिलने एक रेघ मारली. वेग सगळ्यात कमी, सातशे फेऱ्या. बाजूला उभा राहिलो, ठोकळ्याच्या रेषेत नाही, आणि दहा मिनिटं नुसतंच फिरू दिलं. बंद केल्यावर बघितलं तर रेघ आणि टेलस्टॉक यांच्यामध्ये नखाएवढी फट. पुन्हा सगळं सोडून, पुसून आवळलं. दुसरी रेघ. या वेळी फट दिसली नाही, पण अजून चार-पाच वेळा बघणार आहे. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी गॅरेजमध्ये जाते, रेघ बघते, आणि आत येऊन मला रिपोर्ट देते.