हात वर करण्याआधी

हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी केलेल्या ठरावाचं कौतुक राज्यभर झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढून घ्यायची. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने हे सारं बंद करायचं ठरवलं. दोनच दिवसांनी राजर्षी शाहू महाराजांचा शंभरावा स्मृतिदिन होता. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

सप्टेंबर 2024 मध्ये याच कोल्हापूर जिल्ह्यातला दुसरा ठराव गाजला. करवीर तालुक्यातल्या शिंगणापूर ग्रामपंचायतीचा. नव्याने नोंदणीला येणाऱ्या मुस्लिमांची नावं मतदार यादीत घेऊ नयेत, असा त्याचा आशय. ओरड झाल्यावर खुलासा करावा लागला. पण केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कोणालाही यादीबाहेर ठेवता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम 325 सांगतं. शिवाय यादी निवडणूक आयोगाची. गावाने त्यावर ठराव करायचा प्रश्नच येत नाही.

एका ठरावाने आनंद झाला, दुसऱ्याने चीड आली. तरी हेरवाडचं कौतुक करतानाही एक गोष्ट विसरून चालणार नाही: विधवेच्या कपाळावरचं कुंकू ग्रामसभेने तिला दिलेलं नाही. ते तिचंच होतं. शेजारच्या गावात असा ठराव झाला नाही, म्हणून तिथल्या बाईचा हक्क रतिभरही कमी होत नाही. (आणि एखादीला स्वतःहूनच कुंकू लावायचं नसेल, तर तेही तिचं तिने ठरवावं.)

मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्या तरुण आंबेडकरांना बहिष्कृतांचा पुढारी म्हणून गौरवलं, त्यांनीच 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ग्रामव्यवस्थेचं गुणगान नाकारलं. मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानलं, याचा त्यांना आनंद होता. गावकीचं बहुमत वेशीबाहेरच्या माणसाशी कसं वागतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

म्हणून ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहिणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. कोणाचं नाव, घर, लग्न किंवा दुकान गावाने मताला टाकलं, तर त्याने तिथेच पेन खाली ठेवून ग्रामसभेला सांगायला हवं, की हा विषय आपल्या अखत्यारीतला नाही. सगळे हात वर असले तरीही.