सातवीच्या मुलांना बूट डिस्क बनवू द्या



आपल्या बऱ्याच शाळांत एक तरी असा संगणक असतो, ज्याला आता कुणी हात लावत नाही. कपाटाशेजारी ठेवलेला, वर जुना बॅनर टाकलेला. डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद असते आणि निर्लेखनाची मंजुरी आली की तो भंगारात जाणार, हेही ठरलेलं असतं. माझं म्हणणं असं आहे की त्यातला चालू स्थितीतला एक संगणक तरी मागे ठेवावा, आणि सहावी-सातवीच्या मुलांना त्यावर डॉस सुरू करणारी बूट डिस्क स्वतःच्या हाताने बनवू द्यावी. वर्षातले तीन-चार तास पुरतात.

यावर पहिला प्रश्न येतो तो असा की आता मुलं मोबाईलवर बोलून कामं करून घेतात, मग हे काळ्या पडद्याचं जुनं खूळ कशाला? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर उच्च प्राथमिकच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलंय. बरोबर आहे. पण आपण कोडिंग म्हणून जे शिकवतो त्यात बहुधा मुलं रंगीत ठोकळे ओढून मांजर चालवतात. ते वाईट नाही. मात्र बटण दाबल्यापासून ते मांजर दिसेपर्यंत यंत्राच्या आत काय झालं, हे मुलाला विचारा. "आपोआप होतं" हे उत्तर मिळेल. विज्ञानाच्या तासाला आपण "आपोआप" हा शब्द चालवून घेत नाही. मग संगणकाच्या तासाला का चालवतो?

आपोआप काही होत नाही. जुन्या संगणकाचं बटण दाबलं की आधी बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो मेमरी, कीबोर्ड तपासतो. मग डिस्ककडे जातो आणि तिचा फक्त पहिला तुकडा, म्हणजे पहिल्या ५१२ बाइट्स वाचतो. त्या तुकड्याच्या शेवटी ठरलेली खूण असेल तर कारभार त्याच्या हाती सोपवतो. त्या तुकड्यात एवढंच लिहिलेलं असतं की पुढची मोठी फाइल कुठून उचलायची. ती फाइल पुढच्या फाइलला उठवते. एमएस-डॉसमध्ये हा क्रम आयओ.सिस, एमएसडॉस.सिस आणि कमांड.कॉम असा आहे. या तिन्ही मिळून दीडशे केबीच्या आत बसतात. मुलांच्या मोबाईलमधला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. "बूट" या शब्दावर वर्गात हसू फुटतं, फुटू द्या. तो शब्द खरंच पायातल्या बुटावरूनच आलाय. बुटाच्या मागे ओढून घालायला पट्टी असते, ती धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, ही त्यामागची कल्पना.

आता खरी गंमत. मुलांना आधी चुकीच्या वाटेनेच जाऊ द्या. डॉसच्या फाइल्स साध्या कॉपी-पेस्टने कोऱ्या पेनड्राइव्हवर टाकायला सांगा आणि संगणक सुरू करायला सांगा. तो सुरू होत नाही. "सर, फाइल्स तर सगळ्या आल्यात, मग चालू का होईना?" हा प्रश्न माझ्या वर्गात येतो तेव्हा तास वसूल झाला असं मी समजतो. कारण तो पहिला ५१२ बाइट्सचा तुकडा फाइल नसतोच. तो यादीत दिसत नाही, माउसने उचलता येत नाही. तो वेगळा लिहावा लागतो. फ्लॉपीच्या काळात त्यासाठी फॉरमॅट करताना शेवटी तिरकी रेघ आणि एस लावायचे, किंवा सिस नावाची आज्ञा द्यायचे. डोळ्यांना न दिसणारी गोष्टही डिस्कवर असू शकते, हे मुलाला तिथं पटतं. व्हायरस, डिलीट केलेली फाइल परत कशी मिळते, या गोष्टी नंतर समजवायला फार सोप्या जातात.

फ्लॉपी कुठं मिळाली तर जरूर दाखवा, चालत नसली तरी. गणिताच्या तासाला तिचा उपयोग आहे. साडेतीन इंची फ्लॉपीला बाजू २, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकचे १८ सेक्टर आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट्स. करा गुणाकार. १४,७४,५६० येतात. आता १०२४ ने भागा, बरोबर १४४० केबी. मग फ्लॉपीवर १.४४ एमबी का लिहिलेलं असतं? पुन्हा १०२४ ने भागलं तर १.४०६ येतं. म्हणजे कंपन्यांनी एकदा १०२४ ने भागलं आणि दुसऱ्यांदा १००० ने! एवढ्या मोठ्या धंद्यात वर्षानुवर्षं एकाच आकड्यात दोन मापं चालली, हे कळल्यावर आमच्या पोरांना जो आनंद होतो तो सांगता येत नाही. मोठ्या माणसांची चूक सापडली ना.

तसाच दुसरा प्रश्न सी ड्राइव्हचा. विंडोजमध्ये सी दिसतो, डी दिसतो. ए आणि बी कुठं गेले? ती दोन्ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखीव होती. पेनड्राइव्हवरून डॉस सुरू केलं की पेनड्राइव्हच सी होऊन बसतो. सी हे संगणकातल्या एखाद्या जागेचं नाव नाही, यंत्र कुठून सुरू झालं त्याप्रमाणे अक्षर मिळतं, हे तिथं आपसूक कळतं.

डॉस कोणतं घ्यायचं? इथं माझं मत ठाम आहे. कुठून तरी उतरवलेली एमएस-डॉसची प्रत मुलांच्या हातात देऊ नका. ती आजही मालकीची वस्तू आहे. मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीसाठी दिलेलं डॉस मुळात टिम पॅटरसन यांनी सिएटलच्या एका छोट्या कंपनीत लिहिलेलं होतं, ते विकत घेतलेलं. त्याच्या अगदी जुन्या आवृत्त्यांची आणि २०२४ मध्ये ४.०० ची मूळ संहिता कंपनीने खुली केली, पण लोकप्रिय ६.२२ त्यात नाही. त्यापेक्षा फ्रीडॉस घ्या. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार असं दिसू लागलं, तेव्हा जिम हॉल नावाच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने अमेरिकेत हे काम सुरू केलं. जगभरातल्या लोकांनी हातभार लावला. ते मोफत आहे, वाटायला परवानगी आहे आणि २०२५ मध्ये त्याची १.४ आवृत्ती आली. म्हणजे मेलेलंही नाही.

कृती थोडक्यात सांगतो. चालू लॅपटॉपवर रूफस नावाचा मोफत प्रोग्रॅम घ्या. रिकामा पेनड्राइव्ह लावा. बूट सिलेक्शनमध्ये फ्रीडॉस निवडा आणि स्टार्ट करा, एक-दोन मिनिटांचं काम. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा शाळेच्या हजेरीचा किंवा निकालाचा पेनड्राइव्ह त्या टेबलाच्या जवळपासही नको. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू होत नसेल तर सीडी करा, पण फाइल ओढून टाकू नका, "बर्न डिस्क इमेज" वापरा. सीडीवरून यंत्र कसं सुरू व्हावं याचा नियम १९९५ मध्ये ठरला. त्यातली एक युक्ती अशी की सीडीत फ्लॉपीची हुबेहूब प्रतिमा ठेवायची आणि बायोसने तिलाच फ्लॉपी समजायचं! जुन्या यंत्राची हार्डडिस्क मुलांनी पुसू नये म्हणून वीज बंद करून तिची केबल मी आधीच काढून ठेवतो. डॉसला तिची गरज पडत नाही.

सुरू झाल्यावर डीआयआर, सीडी, टाइप, कॉपी एवढ्या आज्ञा पुरे. एक अक्षर चुकलं तरी यंत्र सरळ नाकारतं. मराठी माध्यमाच्या मुलांना हे जड जाईल असं वाटतं, पण चार-पाच शब्दच असतात आणि ती स्पेलिंगं मग विसरत नाहीत. ऑटोएक्झेक.बॅट या फाइलमध्ये एको लिहून पुढे स्वतःचं नाव टाकलं की दर वेळी सुरू होताना ते नाव पडद्यावर येतं. ही ओळ प्रत्येक मुलाकडून लिहून घ्या.

मग कुणीतरी विचारतंच, "नाव मराठीत का येत नाही?" डॉसच्या पडद्याला एका वेळी २५६ चिन्हं माहीत, एका घरात एक चिन्ह. आपली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, जोडाक्षरं घर मोडतात. म्हणून पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट नावाचं कार्डच केलं, ते संगणकात बसवलं की डॉसवर देवनागरी उमटायची. त्यामागची इस्की ही अक्षरांची संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. आज मोबाईलवर आपण ज्या युनिकोडमध्ये मराठी लिहितो, त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. मराठीच्या तासाला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, आपण क्वचितच सांगतो.

कुणी म्हणेल, मग नव्या लॅपटॉपवरच करू की. तिथं अडचण आहे. नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय आलं. बऱ्याच यंत्रांत जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोयच काढून टाकली आहे, आणि फ्रीडॉसला बायोस लागतं. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये डॉस दिसतं, जुने खेळही चालतात, पण त्यात डॉस आधीच घातलेलं असतं. म्हणजे बूट डिस्कचा भाग, ज्यासाठी एवढा खटाटोप, तोच गायब. व्हर्च्युअलबॉक्स त्यामानाने बरा, दुसरं काही नसेल तर तो वापरा. तरी स्वतः बनवलेला पेनड्राइव्ह लावून खरं यंत्र उठवण्याची मजा त्यात नाही.

तेव्हा यंदा निर्लेखनाची यादी करताना मुख्याध्यापकांशी बोलून एक संगणक यादीबाहेर ठेवा. सुरू करताना तो तारीख चुकीची दाखवून एफ-१ दाबायला सांगत असेल तर बिघडला म्हणून बाजूला टाकू नका. मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असतो. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, घड्याळवाल्याकडे मिळतो.