आपल्या प्रश्नांची अमेरिका

दिवाळीचा फराळ सरत आलेला असतो, कृष्णाकाठच्या उसाच्या फडांत कोयते वाजू लागलेले असतात, सुट्टी संपवून शाळा पुन्हा गजबजायच्या बेतात असतात, अशा दिवसांत अनेकदा ७ नोव्हेंबर येतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ व्या क्रमांकावर चढले. २०१७ पासून महाराष्ट्र हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. आपण प्रतिमेला हार घालतो, भाषणे ऐकतो, आणि ते उचितच आहे. पण विद्यार्थी म्हणून आपले काय शिकायचे राहून गेले, याचाही हिशेब या दिवशी मांडायला हवा.

साताऱ्याचा हा विद्यार्थी १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला. तेथे सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध तेथेच वाचला गेला. बाबासाहेबांनी अमेरिकेकडून पदवी घेतली आणि अमेरिकेचाही अभ्यास केला. पुढे १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागवली, ती अस्पृश्यांचा प्रश्न मनात ठेवूनच. त्याच्याही कितीतरी आधी, १८७३ मध्ये, ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केला होता. अमेरिकेत कधीही पाऊल न ठेवलेल्या माणसाने तिच्या इतिहासात आपल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख ओळखले. परदेश अभ्यासायचा तो असा, आपला प्रश्न बरोबर घेऊन.

त्या मानाने आज आपण कोठे आहोत? किर्लोस्करवाडीचे शंतनुराव एमआयटीत शिकायला गेले, त्याला शंभर वर्षे उलटली. आता सातारा-सांगलीच्या गावोगावी कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी सून तिकडे आहे. दिवाळीच्या आधी चकली-चिवड्याची खोकी विमानाने रवाना होतात. व्हिसाचे नियम आपल्याला तोंडपाठ आहेत. मात्र आपल्या बहुतेक महाविद्यालयांत अमेरिका भेटते ती इंग्रजीच्या एम.ए.ला, अमेरिकन साहित्याच्या एखाद्या पेपरात. तिची राज्यघटना, तिची शेती, तिचे न्यायालय, तिच्यातला वर्णभेद यांची एकत्र मांडणी क्वचितच होते. १९६४ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभे राहिले आणि तेथल्या समृद्ध ग्रंथालयाने देशभरच्या प्राध्यापकांना आधार दिला. पण ज्ञानाचे असे घर दूरच्या शहरात एकच असून भागत नाही.

उलट बाजूने काय घडले, तेही आठवावे. मिनियापोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्वेट यांनी १९७३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात पीएच.डी. मिळवली ती पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर, म्हणजे याच मातीत रुजलेल्या सत्यशोधकी विचारावर. त्या मराठी शिकल्या, भारताच्या नागरिक झाल्या, वाळवा तालुक्यातल्या कासेगावी संसार मांडून राहिल्या आणि २०२१ मध्ये त्याच गावी त्यांनी देह ठेवला. त्यांनी आपल्याला जितक्या जिव्हाळ्याने वाचले, तितक्या जिव्हाळ्याने त्यांचा देश आपण वाचला का? हे ऋण अजून फिटलेले नाही.

अमेरिकेचा अभ्यास ही केवळ विद्वानांची हौस नव्हे. १९९५ मध्ये जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) तिथल्याच कायद्याच्या आधारे, जुने ग्रंथ पुरावा म्हणून पुढे ठेवून लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ज्या सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघतात, जिच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या सांगलीने तरी तो कायदा परका मानू नये. तेथला पेटंट कायदा, तेथले आयात शुल्क आणि तेथला शेतकरी यांचा अभ्यास आपल्या वाणिज्य आणि शेतीच्या विद्यार्थ्यांनी करायचा नाही, तर कोणी?

म्हणून शिवाजी विद्यापीठाला, साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाला आणि सांगलीच्या महाविद्यालयांना आपण सर्वांनी मिळून आग्रहाने सांगावे: इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि विधी या विभागांनी एकत्र बसून अमेरिका अभ्यासाचा एक अभ्यासक्रम आखावा. तो मराठीतूनही शिकवावा, म्हणजे माण-खटावच्या आणि जतच्या मुलांनाही त्याचे दार उघडे राहील. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लेकरांनी पुस्तके पाठवावीत, सुट्टीवर आले की वर्गात येऊन बोलावे. पुढच्या ७ नोव्हेंबरच्या आत निदान एका महाविद्यालयाने ही सुरुवात करावी.